ग्राइंडरमधलं जायफळ

परवा नौपाड्यात एका घरी श्रीखंडासाठी कुणीतरी जायफळ किसत होतं, त्या वासाने मला आईच आठवली. काही वर्षांपूर्वी मला कॉफीचं नवंनवं वेड लागलेलं. बिया दळायला मी महागडा छोटा ग्राइंडर आणलेला. एका सकाळी आईने मला सरप्राइज म्हणून त्यातच बियांबरोबर जायफळाचा तुकडा दळला. पहिल्याच घोटाला मी कप सिंकमध्ये ओतला. "अगं आई, वाट लावलीस ग्राइंडरची!" ती हळूच म्हणाली, "आपल्याकडे कॉफीत घालतातच की रे." वास जाईपर्यंत मी तो ग्राइंडर आठवडाभर घासत होतो. आईला जाऊन दोन वर्षं झाली. रोज सकाळी कॉफी दळण्याआधी मी झाकण उघडून हुंगतो. जायफळ कुठेच नाही. फारच स्वच्छ धुतला मी.