चेवेळ्याचा मातीचा ट्रॅक आणि न थांबणारी मी

मला वाळूची भीती वाटते. हे वाक्य लिहायला मला आठ महिने लागले.

आठ महिन्यांपूर्वी अनंतगिरीच्या घाटात एका वळणावर वाळू आणि बारीक खडी पडलेली होती. पुढचं चाक सरकलं आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. त्याआधी मी हैदराबादहून गोव्यापर्यंत बाईक नेलेली बाई. आमच्या सात जणींच्या रविवारच्या ग्रुपमध्ये सगळ्यात पुढे माझीच गाडी असायची. आता मात्र रस्त्यावर कुणी घर बांधायला वाळू टाकली असली, तरी मी गल्ली बदलायची. पुढच्या महिन्यात ग्रुप आदिलाबादकडे एक धबधबा बघायला जाणार होता आणि शेवटचे नऊ किलोमीटर कच्चा रस्ता होता. मी "ऑफिसात काम आहे" असं ठोकून दिलं. मग स्वतःचाच राग आला आणि मी चेवेळ्याच्या अलीकडच्या एका डर्ट ट्रॅकवर, मातीत बाईक चालवायला शिकवणारा रविवार सकाळचा वर्ग बुक केला.

आईला सांगावंच लागलं, कारण आमच्या बरकतपुऱ्याच्या घरात दोनच माणसं राहतात, आणि दुसरी आई आहे. ती सरकारी दवाखान्यातून स्टाफ नर्स म्हणून रिटायर झाली आहे.

"मी पण येते," ती म्हणाली.

"तू तिथं काय करणार?"

"तू पडणारच आहेस. पडल्यावर कुणीतरी लागतं की."

सकाळी सहाला निघालो. आई मागे एका बाजूला पाय टाकून, हेल्मेट घालून, मांडीवर औषधांची पत्र्याची पेटी आणि खांद्याला डबा अडकवून. मेहदीपट्टणम, लंगर हौज, मोईनाबाद असा साधारण दीड तासाचा रस्ता. रविवारी सात वाजायच्या आत शहराबाहेर पडा, नंतर फार्महाऊसला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. मोईनाबादला गाड्यावरची इडली खा, चटणी तिखट आहे. पुढे दोन्ही बाजूंना मोठमोठे वड लागतात. मला ते शांतपणे बघायचे होते, पण आई कानाशी "ट्रक बघ, ट्रक बघ" म्हणत होती.

मुख्य रस्ता सोडल्यावर ट्रॅकपर्यंतचा अर्धा किलोमीटर रस्ता मातीचाच निघाला. हे वेबसाईटवर लिहिलेलं नव्हतं. मी उतरले आणि गाडी ढकलायला लागले. आई पेटी घेऊन पुढे चालत होती. फाटकाशी शिकवणारे फय्याजभाई उभे होते.

"मॅडम, गाडी बंद पड गई क्या?"

"नहीं," मी धापा टाकत म्हणाले, "मैं बंद पड गई."

ते हसले नाहीत, म्हणून मला ते आवडले.

अर्ध्या दिवसाचे साडेतीन हजार पडतात. त्यात बाईक, पेट्रोल आणि अंगावरचं सगळं सामान येतं. मोजे मात्र आपले न्या, लांब. सगळ्यात लहान बूटही मला दोन नंबर मोठे होते आणि इतके कडक, की मी बदकासारखी चालत होते. आईनं तेवढ्यात तिथल्या प्रथमोपचाराच्या डब्याची तपासणी केली. आत दोन पट्ट्या आणि एक स्क्रू ड्रायव्हर निघाला.

"हे कशाला?" तिनं फय्याजभाईंना विचारलं.

"अम्मा, वो गाडी का फर्स्ट एड है."

आईनं झाडाखाली खुर्ची मांडली आणि स्वतःचा दवाखाना उघडला.

आता खरी अडचण. डर्ट बाईक उंच असते आणि माझी उंची पाच फूट एक इंच. सीटवर बसले तर दोन्ही पाय हवेत. पहिल्यांदा पडले तेव्हा गाडी सुरूसुद्धा नव्हती. मग फय्याजभाईंनी एक लाकडी ठोकळा आणून ट्रॅकच्या कडेला ठेवला. त्यावर एक पाय ठेवून निघायचं, फेरी मारायची आणि परत त्याच ठोकळ्यावर पाय टेकवून थांबायचं.

"बैठना नक्को, खडे रहो. आगे का ब्रेक भूल जाओ. गाडी नाचेगी, नाचने दो. नजर दूर."

रस्त्यावर बारा वर्षांत शिकलेलं सगळं उलटं करायचं होतं. गाडी वळवळली की माझी बोटं पुढच्या ब्रेककडे जायची, आणि मी जमिनीकडे. चार वेळा पडले. पाचव्यांदा एक फेरी पूर्ण झाली आणि ठोकळ्यावर पाय टेकवला, तेव्हा आईनं टाळ्या वाजवल्या. मी लगेच दुसऱ्या फेरीला निघाले.

ती संपवून आले, तर ठोकळा नव्हता.

माझ्याबरोबरच्या बॅचमधल्या एका सॉफ्टवेअरवाल्याचं कोपर सोललं होतं. आईला पेटी ठेवायला काहीतरी उंच हवं होतं. ठोकळा आता तिच्या खुर्चीशेजारी होता, त्यावर पेटी, आणि पेटीवर आयोडिनची बाटली.

"आई! ठोकळा!" मी जाता जाता ओरडले.

तिनं हात हलवला. पुढच्या फेरीला मी परत ओरडले, "ठोकळा! ठोकळा!"

ती कुंपणापाशी आली आणि दोन्ही हातांचा कर्णा करून म्हणाली, "ढोकळा नाही गं आणला! धपाटे आहेत!"

फय्याजभाई ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला दुसऱ्या कुणाला उचलत होते. मी गोल गोल फिरत राहिले. तिसरी, चौथी, सातवी फेरी. दर फेरीला आई नवीन काहीतरी दाखवायची: धपाटं, दह्याची डबी, मिरचीचं लोणचं. आता कोपरवाला धपाटं खात होता. संतापाच्या भरात माझ्या लक्षात आलं की वळणावर मागचं चाक सरकतंय, मी उभीच आहे, आणि माझी बोटं ब्रेकपासून लांब, हँडलवर निवांत आहेत. मी घाबरायचंच विसरले होते. मला फक्त थांबायचं होतं.

अकराव्या फेरीला पाय लटपटायला लागले. थांबायचं म्हणजे पडायचं, आणि पडायचं तर मऊ जागा हवी. ट्रॅकच्या कोपऱ्यात वाळूचा मोठा ढीग होता. आठ महिने चिमूटभर वाळूला वळसा घालणारी मी, त्या दिवशी नजर दूर ठेवून, उभी राहून, सरळ ढिगात घुसले. गाडी अर्ध्यावर रुतून बंद पडली आणि मी हळूच आडवी झाले. फार छान वाटलं.

आई एका हातात धपाटं आणि दुसऱ्या हातात आयोडिन घेऊन पळत आली.

"कुठं लागलं?"

"ठोकळा," मी म्हणाले.

"अगं नाही आणला म्हटलं ना! एवढं काय त्याचं?"

दुपारी परत निघताना मातीचा तो अर्धा किलोमीटर मी बाईकवर बसून पार केला. आई मागे होती, त्यामुळे उभं राहता आलं नाही.

सोमवारी कुकटपल्लीच्या ऑफिसात जिना कठड्याला धरून, एकेक पायरी मोजत चढले. वर पोचून ग्रुपवर सगळं खरं लिहिलं: भीती, खोटं काम, चिमूटभर वाळूला घातलेले वळसे. मग आमच्यातली सगळ्यात दांडगी पद्मा हिचा मेसेज आला: "मला फ्लायओव्हरवर रडू येतं. म्हणून मी नेहमी खालून येते."

भीती गेली का? नाही. खडी दिसली की मी अजून गाडी हळू करते. फक्त बोटं आता ब्रेककडे धावत नाहीत, आणि धबधब्याला मी जाणार आहे.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई नांदेडच्या मावशीशी फोनवर बोलत होती. "अकरा फेऱ्या, विमल! सगळी पोरं दमून बसली, ही थांबायलाच तयार नाही. मी हाका मारतेय, जेव म्हणतेय, छे! अशी निडर पोरगी मी नाही बघितली."

खरं काय झालं ते सांगायला मी तोंड उघडलं. तोपर्यंत आई मावशीला तेच सगळं पहिल्या फेरीपासून परत सांगायला लागली होती. मी गरम पाण्याची पिशवी पायाखाली सरकवली आणि पुढचं ऐकत बसले.