गुलाबावरचा कागद

मखमलाबादच्या आमच्या मळ्यात गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. त्यावर ताणलेल्या प्लॅस्टिकला घरात सगळे कागदच म्हणतात. जुना कागद फाटला तेव्हा नवा कोणता आणायचा, हे पहिल्यांदाच मला विचारलं गेलं. मी फिजिक्सची पदवीधर, पतसंस्थेत कॅशियर. लग्नानंतर त्या पदवीची कोणाला आठवणही नव्हती. मी हुरळून गेले.

जेवताना सगळ्यांना समजावलं. ऊन म्हणजे एकच एक गोष्ट नाही. त्यातला काही प्रकाश दिसतो, काही नुसता ऊब म्हणून जाणवतो, आणि अतिनील किरण दिसतही नाहीत, जाणवतही नाहीत. वस्तूवर पडलेल्या प्रकाशातलं काही ती परत फेकते, काही आरपार जाऊ देते, काही गिळून टाकते. थंडीत लाल गुलाबाच्या पाकळ्या कडेने काळ्या पडतात, त्यात अतिनील किरणांचा मोठा हात असतो. म्हणून ते गिळणारा कागद हवा. दुकानातून आणलेला नमुनाही दाखवला. मोठ्या दिरांनी मान डोलावली.

कागद आला, चढला, आणि थंडीत पाकळ्या काळ्या पडल्याच. बाजारात फुलांना कोणी हात लावेना. "पुस्तकातलं ग्यान मळ्यात चालत नाय," दीर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. मलाही वाटलं, चुकलं आपलंच. जुनी पुस्तकं काढून वाचत बसायचे. नवरा शेजारी चहा पीत म्हणायचा, "जाऊ दे गं." मला त्यात माया दिसायची.

शेवटी राहवेना. छताच्या कागदाचा उरलेला तुकडा आणि तो नमुना घेऊन पतसंस्थेत गेले. खोट्या नोटा ओळखायच्या आमच्या जांभळ्या दिव्यातून अतिनील किरण निघतात आणि खऱ्या नोटेवरचे आकडे चमकतात. जेवणाच्या सुट्टीत दिव्याखालच्या नोटेवर नमुना धरला. आकडे विझले. छताचा तुकडा धरला. आकडे चमकतच राहिले. छतावर भलताच कागद होता.

संध्याकाळी नवरा मोटारसायकलवर न्यायला आला. मी गाडीवर बसण्याआधीच सांगून टाकलं, "अहो, दुकानदाराने फसवलं आपल्याला!"

तो आरसा सारखा करत म्हणाला, "दुकानदाराने नाही. दादानेच बदलून घेतला. उन्हाकडे धरून बघितलं तर तुझा कागद जरा पिवळट दिसला. म्हणाला, हा जुना माल हाय, काचेसारखा स्वच्छ दे."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मी होतो ना बरोबर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिरांनी निदान स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला होता. ह्याला सगळं ठाऊक होतं, आणि रोज माझ्या शेजारी बसून हा चहा पीत होता.

"मग बोलला का नाहीत?"

"दादाचा चारचौघांत पाणउतारा झाला असता."

"आणि माझा झाला तो?"

"तुझं काय," तो गाडी सुरू करत म्हणाला, "तू घेतेस समजून."

मी मागे बसले नाही. रिक्षाला हात केला.