खुर्चीखालची मुंगी

वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली खुर्चीवाली म्हणायची. लेकीची लेक चार वर्षांची होईपर्यंत तिच्याकडेच वाढली. पोर दिवसभर खुर्चीखाली बसलेली, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. आजी वरून भिजवलेल्या वेताची पट्टी भोकात सोडायची आणि चौकटीवर दोनदा टकटक करायची. मुंगी खालून ती ओढून शेजारच्या भोकातून वर पाठवायची. फक्त पाठवताना पट्टीला उगाच एक पीळ द्यायची, म्हणजे चकचकीत बाजू खाली जायची. "उलटी आली गं," असं आजी रागावली की खालून खिदळणं ऐकू यायचं.

मग लेक-जावई नोकरीसाठी लांब गेले, मुंगीही गेली.

बारा वर्षांनी ती आठ दिवसांसाठी आली. उंच झालेली, दारातून वाकून शिरणारी. आजीला एकच गोष्ट विचारायची होती, पण धीर व्हायला तिसरा दिवस उजाडला.

"खुर्चीखालची ती जागा आठवते का गं तुला?"

पोर खोटं बोलणारी नव्हती. "नाही गं आजी. फोटोत बघितलंय तेवढंच."

"काहीच नाही?"

"वाईट वाटून घेऊ नकोस. इतक्या लहानपणचं कुणालाच फारसं आठवत नाही. शाळेत शिकवलंय आम्हाला. लहान मुलाच्या मेंदूत ढीगभर जोडण्या होतात. वापरात राहतात त्या पक्क्या होतात, बाकीच्या बऱ्याचशा मेंदू काढून टाकतो."

"म्हणजे झाडलोटीत मी गेले."

"तसं नाही गं." मुंगी हसली. "आणि विचार करून वागायचा भाग असतो ना, कपाळामागचा, तो तर पंचविशीपर्यंत तयार होत असतो."

"तरीच तुझ्या आईनं एकोणिसाव्या वर्षी लग्न ठरवलं."

दोघी हसल्या. मग आजी उठली आणि टबात आधीच भिजलेला वेत पुन्हा खालीवर करत बसली. पोरीला गरम दुधावर फुंकर मारायला शिकवलं होतं, तिचा फुटलेला अंगठा मांडीवर घेऊन बसली होती. ते सगळं कुठल्या केरात गेलं असेल, कोण जाणे.

जायच्या आदल्या दिवशी दातांच्या डॉक्टरांनी घरची म्हणून विणायला दिलेली खुर्ची पुरी करायची होती. खांदा आखडल्यामुळे आजीचा हात आता खालपर्यंत सहज पोचत नव्हता.

"मी बसते खाली," मुंगी म्हणाली. "काय करायचं ते सांग."

आजी सांगणारच होती, पण सवयीनं पट्टी सोडली आणि दोनदा टकटक केली. पट्टी खाली सरकली. शेजारच्या भोकातून वर आली. उलटी.

आजीचा हात तिथंच थांबला.

"कुणी सांगितलं तुला असं करायला?"

"कुणी नाही. हात आपोआप गेला. का, चुकलं?"

"नाही," आजी म्हणाली. "चालू दे तुझं."

मुंगी गेली. खुर्ची न्यायला डॉक्टर आले, त्यांनी चष्मा सारखा केला. "बाई, इथल्या पट्ट्या उलट्या दिसतायत."

"त्या तशाच राहू द्या. मजबुतीला काही होत नाही."

ते गेल्यावर तिनं दुसरी चौकट पुढ्यात ओढली. पट्टी सोडली, दोनदा टकटक केली, आणि जरा वेळ थांबली. मग खांदा धरून हळूहळू वाकली आणि स्वतःच पट्टी खालून ओढून घेतली.