मेढीखालचा रुपया

ज्ञानोबानं बत्तीस वर्सं जुन्या गावाची वाट टाकलेली होती. शेताला जायचं तर जुन्या गावठाणातून सरळ दहा मिनटं. पण हा गडी ओढ्याकडनं वळसा घालून जायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "तिकडं काटं लई हायती."

काटे होतेच. भूकंपात सास्तूर पडलं, नवं गाव इकडं बसलं, आन् जुन्या घरांच्या ढिगाऱ्यांवर चिल्लार माजली. त्यातल्याच एका घरात त्याची पहिली बायको शिवकांता आन् सव्वा वर्साची पोर प्रीती मातीच्या माळवदाखाली गेल्या. हा पाणी द्यायला शेतात होता म्हणून वाचला. मिलिट्रीवाल्यांनी तिसऱ्या दिवशी दोघींना काढलं, आन् गावच्या सगळ्यांसंगं त्यांनाही अग्नी दिला. ज्ञानोबा तेव्हा बांधावर बसून होता. त्याला कुणी बोलवलं न्हाय, तो उठून गेला न्हाय. रडलाही न्हाय. लोक म्हणाले, धक्का बसलाय, येईल रडू सावकाश. ते आलंच न्हाय.

वर्साभरानं कमलबाईसंगं त्याचा पाट लागला. तिचाही पहिला नवरा पलीकडच्या गावात असाच दगडामातीखाली गेलेला. तिच्यापोटी रणधीर झाला, वाढला, दुधाचा धंदा करायला लागला. घरात दोघांनी मागचं नाव कधी काढलं न्हाय.

यंदा वैशाखात गावातल्या मोबाईल दुकानाच्या समर्थनं एक व्हिडिओ टाकला. जुन्या गावात शेळी हुडकता हुडकता त्याला निजामाच्या वेळचा चांदीचा हाली रुपया सापडला होता. त्यावर चारमिनार, आन् चारमिनारच्या दारात एक उर्दू अक्षर. समर्थ व्हिडिओत म्हणला, हे अक्षर पूर्ण असंल तर शौकीन लोक पाच लाख मोजतात. त्यानं कुठं ऐकलं, देव जाणे. पण व्हिडिओ उधळला. मंगळवारी हैदराबादहून कुणीतरी चाळीस हजार म्हणला, शुक्रवारी दुसरा लाख म्हणला.

आन् मग सगळ्या गावाला एकदम आठवलं. जुनी माणसं घर बांधताना माळवद तोलायची पहिली मेढ रोवायची, तेव्हा त्या खांबाच्या खड्ड्यात हळद-कुंकू लावून एक चांदीचा रुपया ठिवायची. म्हंजे जेवढी पडकी घरं तेवढे लाख. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून जुन्या गावात पहारी वाजायला लागल्या. ज्यांनी बत्तीस वर्सं तिकडं तोंड केलं न्हवतं, ते आता सोबत चहाची किटली घेऊन जात होते.

रणधीरनं ओसरीवर दावं वळत बसलेल्या बापाला विचारलं, "दादा, आपली पयली मेढ कुठं हुती?"

"हुती की."

"आवो पर कुठं?"

"घरात."

"घरातच आसंल, रस्त्यात कशाला रवतंय कुणी?"

आतून कमलबाई म्हणाली, "रण्या, त्यांच्या मागं लागू नगं."

"मागं कशाला लागू? दुधाला पिकअप घ्यायचीय मला. सगळं गाव उकरायलंय, आपुनच काय देवमाणसं हाव?"

ज्ञानोबा दावं वळत राह्यला. तीन दिवस असंच चाललं. चौथ्या दिवशी रणधीर वैतागला. "दावू नका. म्या जेसीबी सांगितलाय उद्याच्याला. आख्खं घर उलथतो, मग मेढ सापडंल का न्हाय बघतो."

ज्ञानोबाच्या हातातलं दावं थांबलं. जेसीबीचा दात कुठं कुठं लागंल, हे त्याच्या डोळ्यापुढं आलं. तिथं आता काही न्हवतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी.

"जेसीबी नगं," तो म्हणला. "म्या दावतो."

सकाळी बापलेक जुन्या गावात गेले. ज्ञानोबा पाराच्या पायरीशी उभा राह्यला आन् मोजत निघाला. पाराकडनं तिसरं घर. पहिला ढीग, दुसरा ढीग, तिसरा. "हे," तो म्हणला. रणधीरनं चिल्लार तोडली, दगड बाजूला सारले. ज्ञानोबानं अंदाजानं पहार टेकवली, "हितं हाण."

लेक खांदत होता आन् बाप दगडावर बसून होता. यष्टीची वाट बघावी तसा तो रडायची वाट बघत होता. आपण हितं आलो की छातीत कायतरी फुटंल, ह्याच भ्यानं तो इतकी वर्सं वळसा घालत होता. छातीत काही फुटलं न्हाय. पाठीला ऊन लागत होतं तेवढंच कळत होतं.

कमरेइतकं खांदल्यावर कुजलेला मेढीचा बुडखा लागला, आन् खाली काळा पडलेला रुपया. रणधीर ओरडला. त्या आवाजानं शेजारचे गोळा झाले. त्यात धुळाप्पा मेंढक्याही घोंगडी सावरत आला. खड्ड्यात वाकून बघितलं, आन् म्हणला, "गेन्या, कुणाचं घर खांदलास रं?"

"माजं."

"तुजं? हे मेढीजवळचं उखळ बघ की. ह्यात आमची म्हातारी मिरच्या कुटायची. तुज्या घरातलं उखळ दाराआड हुतं."

"पाराकडनं तिसरं मोजलंय म्या."

"मोजलाईस खरं. पर पयलं घर राह्यलंय कुठं? त्याचं दगुड लोकांनी कवाच उचलून गोठ्याला न्हेलं. तितं निस्ती जमीन हाय. तुजं अलीकडचं, हे माजं." धुळाप्पा हसला. "माज्या घरात बसून कुणाचा दुखवटा करायलास बाबा?"

सगळे हसले. ज्ञानोबानं उखळाकडं बघितलं. खरं होतं. जे घर डोळे मिटून सापडंल असं त्याला वाटत होतं, ते त्याला उघड्या डोळ्यांनी सापडलं न्हवतं.

रुपया धुळाप्पाचा, त्यात वाद न्हवता. पण धुळाप्पा मनाचा मोठा. "पोरानं घाम गाळलाय, निम्मं निम्मं करू," म्हणला. दोघं रणधीरच्या मोटरसायकलीवर लोहाऱ्याला चन्नबसप्पा सराफाकडं गेले. चन्नबसप्पानं रुपया हातातही घेतला न्हाय. पाटाखालचा डबा ओढून दावला, काठोकाठ हाली रुपये.

"आठ दिसात आलेत हे. सगळ्याच्या दारात अक्षर हाय, आन् सगळंच पूर्ण हाय."

"मग लाखाचं काय वो?" रणधीर म्हणला.

"एक हुता तवा लाख. आता पायलीनं आणायलेत लोकं. हैदराबादवाला माजाबी फोन उचलंना. चांदीच्या भावानं पैसं देतो, इकायचा तर इका."

धुळाप्पानं रुपया विकला न्हाय. "आमच्या मेढीतच बरा हुता," म्हणत खिशात घालून आला. दोन दिवसांत जुन्या गावातला आवाज बंद झाला. उकरलेले खड्डे तसेच राह्यले.

रणधीरनं जेसीबीवाल्याला नको म्हणून सांगितलं आन् बापाला म्हणला, "राहू द्या दादा, आपलं घर उकरायची आता गरज न्हाय."

"बरं," ज्ञानोबा म्हणला.

पण ती गोष्ट त्याला सुटंना. त्या दिवशी आत काही हललं न्हाय, ते घर परक्याचं होतं म्हणून का? हे बघितल्याबिगर आता राहवणार न्हवतं. दुसऱ्या दिवशी न्याहारी न करताच तो कोयता घेऊन निघाला. पारापासून मोजलं न्हाय. धुळाप्पाच्या खड्ड्याला लागून अलीकडचा ढीग. चिल्लार तोडत आत शिरला. दगड सारल्यावर दाराआड उखळ दिसलं. आता चूक न्हवती. समोरच्या अंगाला तुळईला पाळणा टांगलेला असायचा. चूल डावीकडं. तो चुलीच्या जागेला पाठ टेकून बसला.

ऊन डोक्यावर आलं. एक सरडा दगडावर येऊन मान हलवून गेला. ज्ञानोबानं मोठ्यानं दोघींची नावं घेऊन बघितली. दुसऱ्याच्या लेकीबाळींची घ्यावी तशी ती तोंडातून गेली. पार दुपारी त्याला भूक लागली, तेव्हा तो उठला.

घरी कमलबाई दारातच होती. त्याच्या धोतराला चिकटलेले काटे तिनं बघितले.

"गेलता जणू तिकडं."

"व्हय."

"सापडलं घर?"

"सापडलं."

ती एकेक काटा काढायला लागली. मग खाली बघतच म्हणाली, "रडू आलं?"

"न्हाय."

"मला बी आलं न्हवतं."

ज्ञानोबानं तिच्याकडं बघितलं. "तू कवा गेलतीस?"

"रण्या पोटात हुता तवा. बाजाराला म्हणून गेलते, माज्या पयल्या घराच्या ढिगाऱ्यावर जाऊन बसले. दिवस मावळूस्तवर." तिनं शेवटचा काटा काढून अंगणात टाकला. "हात धुवा. भाकर-कोरड्यास निवून गेलंय."