हाऊसफुल्लची पाटी

अमेरिकेत एका मराठी दैनिकाची वार्ताहर होते तेव्हा माझं निम्मं काम म्हणजे लोकांच्या अंगणातल्या पाट्या वाचत फिरणं. निवडणूक आली की तिथे हिरवळीहिरवळीवर पाट्या उगवतात. ‘आमचं गाव आम्हाला परत द्या’ छापाची पाटी दिसली की मी गाडी थांबवायचे, बेल वाजवायचे आणि विचारायचे, बाबा रे, कोणी नेलं तुझं गाव? लोक बोलायचे, कॉफीसुद्धा द्यायचे. कोपऱ्यावर मेक्सिकन दुकानं आलीत, चर्चमध्ये कोणी येत नाही, मुलगा दुसऱ्या शहरात गेला. आणि मी निघाले की तेच लोक दारापर्यंत येऊन हमखास सांगायचे, ‘हे तुझ्याबद्दल नाही हं.’ ते वाक्य मी चवीने छापायचे. पुण्यातले वाचक खूश, संपादक खूश. माझं काय जात होतं? मी तिथली पाहुणी.

मग नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही सिडनीत गिरावीनला आलो आणि इथलेच झालो. आई गेल्यावर बाबांनाही घेऊन आले. बाबांनी सगळी नोकरी पुण्याच्या एका नाट्यगृहात बुकिंगच्या खिडकीमागे केली. इथे त्यांचं मन काही लागेना. बागेत आपल्याकडच्या आजोबांचा कट्टा भरतो, तिथे एकदा जाऊन आले आणि म्हणाले, “सगळे गुडघे आणि शुगर बोलतात गं. त्यापेक्षा घरात बरा.” दिवस दिवस खिडकीशी बसून राहायचे. मला धास्तीच वाटायला लागली होती की हा माणूस असा बसल्या बसल्या संपणार.

त्यांना वाचवलं शेजारच्या म्हाताऱ्याने. गोरा, एकटा, इथेच जन्मलेला. तो कुठल्याशा हौशी गायकांच्या मंडळात गायचा म्हणून बाबांनी त्याचं नाव बुवा ठेवलं. रोज दुपारी बाबा आमच्या अंगणात दोन खुर्च्या मांडायचे, एकीवर स्वतः बसायचे आणि दुसरीवर रुमाल टाकून जागा धरायचे. एवढ्या मोकळ्या अंगणात ती जागा कोण पळवणार होतं, देव जाणे. बुवा चहाचे दोन कप घेऊन यायचा, रुमाल उचलून बाबांना अदबीने परत करायचा आणि बसायचा. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी, पण बाबा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे. बाबांचं इंग्रजी खिडकीवरचं, बाल्कनी, फ्रंट रो, सॉरी फुल, एवढंच. तरी दोघं तासभर बोलायचे. बुवाच्या मंडळाचा मोठा कार्यक्रम होणार होता आणि बाबांना त्याच्यापेक्षा जास्त घाई झाली होती.

निवडणूक जाहीर झाली आणि एका सकाळी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला गेले तर बुवाच्या हिरवळीवर पाटी. टाय लावलेल्या, हसऱ्या उमेदवाराचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत ‘सॉरी, वी आर फुल’. देश भरला, आता कोणी येऊ नका. त्याच दिवशी पुण्याहून संपादकाचा फोन. “अमेरिकेतलं ते लोण तिकडेही पोचलं म्हणे. होऊन जाऊ दे एक झकास लेख. तुझ्या गल्लीतलंच काहीतरी दे.” झकास म्हणे! त्याच्या बापाचा चहा त्या गल्लीत अडकला नव्हता.

जवळच्या पेंडल हिलच्या बाजारातून भाजी घेऊन परतले तर बाबा त्या पाटीसमोर हात जोडून उभे. पाटीला आमच्या अंगणातल्या झेंडूचा हार. फोटोवर हार चढल्यामुळे तो उमेदवार चक्क स्वर्गवासी दिसत होता.

“अगं, बुवाचा कार्यक्रम हाऊसफुल्ल झाला!” बाबांचा चेहरा उजळला होता. “आमच्याकडे शंभराव्या प्रयोगाला हाऊसफुल्लची पाटी लागली की हार मीच घालायचो.”

मला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात बुवा बाहेर आला. बाबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. “फुल! व्हेरी गुड! काँग्रॅच्युलेशन्स!” बुवा कानापर्यंत लाल झाला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. “थँक्स, मेट,” तो कसाबसा म्हणाला.

संध्याकाळी मी त्याची बेल वाजवली. जुनी सवय. त्याने आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. स्टेशनला गाडी लावायला जागा नाही. डॉक्टरची वेळ मिळत नाही. नातवाला इथे घर परवडेना म्हणून तो पार दुसऱ्या राज्यात, टूवूंबाला गेला. “कोपऱ्यावरच्या दुकानात पूर्वी मला नावाने हाक मारायचे,” तो म्हणाला. यातलं काहीच खोटं नव्हतं. पार्किंगसाठी मीही घिरट्या घालते.

“मग ती पाटी काढशील?” मी विचारलं.

“नाही. पण ती तुझ्या बाबांबद्दल नाही हं.”

इतक्या दारांत ऐकलेलं वाक्य, पण माझ्या बापाचं नाव घेऊन ते कोणी म्हटलं नव्हतं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. “मग कोणाबद्दल?” मी विचारलं. त्याने काढून ठेवलेला हार कागदात नीट गुंडाळला, वर दोरा बांधला आणि माझ्या हातात दिला. घरी नेईपर्यंत मी तो फेकून का दिला नाही, कोण जाणे.

बाबांनी दारातच पुडी पाहिली. “हार का काढला गं?”

“वारा सुटला होता ना, म्हणून...” मी सुरुवात केली.

माझी लेक नुकतीच युनिव्हर्सिटीतून आली होती, बॅग अजून खांद्यावरच. “आई, जस्ट टेल हिम. आजोबा, ती पाटी कॉन्सर्टची नाहीये. इलेक्शनची आहे. इट्स अबाउट अस.”

“अस म्हणजे कोण?”

“आपण,” ती म्हणाली. “तुम्ही, मी, आई. आपण सगळे.”

बाबा पुडीवरचा दोरा सोडवत बसले. मग म्हणाले, “आणि मी त्याचं अभिनंदन केलं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी नेहमीसारख्या दोन खुर्च्या मांडल्या, दुसरीवर रुमाल टाकला. माझा जीव भांड्यात पडला. चला, निभावलं. बुवाही आला, हातात दोन कप, जरा दबकत. त्याने कप कुंपणाच्या भिंतीवर ठेवले आणि रुमाल उचलायला हात पुढे केला.

बाबांनी रुमालावर तळवा ठेवला.

“सॉरी,” ते म्हणाले. “फुल.”

आवाजात राग नव्हता. रांगेतल्या शेवटच्या माणसाला खिडकीतून जसं सांगायचे तसंच, मऊ, अदबीने. बुवाला आधी गंमत वाटली. मग त्याचं हसू मावळलं. कप तिथेच ठेवून तो गेला.

त्याला चांगली अद्दल घडली म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. मी बाहेर गेले. बाबा समोर रस्त्याकडे बघत होते.

“बाबा, मी बसू का इथे?”

“बस की,” ते म्हणाले.

पण रुमालावरचा हात त्यांनी काढला नाही. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले.