बाबा, वामनराव आणि सकाळचं रीडिंग

माझा मुलगा पुण्यात नोकरी करतो. त्याचं काम मला बरेच दिवस कळत नव्हतं. मागे सुट्टीत आला तेव्हा त्याने लॅपटॉप उघडून दाखवलं. दूर कुठेतरी बंद खोल्यांमध्ये लिनक्सवर चालणारे सर्व्हर रांगेने ठेवलेले असतात. कोणता किती तापलाय, कुणाची डिस्क भरत आलीय, नेटवर्कमध्ये माहिती कुठे अडखळतेय, हे आकडे आपोआप गोळा होऊन याच्यासमोर येत राहतात. आकडा बिघडला की याला निरोप येतो आणि यंत्र बंद पडायच्या आत हा धावतो.

"म्हणजे तुझ्या आजोबांचंच काम की," मी म्हटलं.

तो हसला. आई गंमत करतेय असं त्याला वाटलं. म्हणून हे लिहायला बसले.

माझ्या बाबांचं नाव रंगराव. आम्ही देऊळगाव राजाचे. घरचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, थंडीत मुळे. विहिरीवर मोटेच्या जागी इंजिन आलं तेव्हा काकांना पाणी वाढल्याचा आनंद झाला आणि बाबांना इंजिनाचा. ते त्याच्या आवाजावरून सांगायचे की आज तेल कमी आहे. मळ्यात त्यांचं मन असं कधी नव्हतंच. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. गावात टेलिफोन एक्स्चेंज आलं, माणसं हवी होती, आणि बाबा चिकटले ते कायमचे.

एक्स्चेंज म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बोर्ड, ज्यात दोऱ्या खुपसून याचा फोन त्याला जोडायचा. आतल्या खोलीत बॅटऱ्या, लाकडी मांडणीवर एकीला एक लागून. त्या खोलीत शिरलं की नाकात आंबट झिणझिण्या यायच्या. बाबांच्या एकूण एक सदऱ्यांना ॲसिडची बारीक भोकं पडलेली असायची, आणि माझी माय, अंबूबाई, ती रफू करता करता त्या बॅटऱ्यांच्या नावाने बोटं मोडायची.

सकाळी बाजार भरायच्या आधी बाबा आतल्या खोलीत जायचे. रबरी फुगा लावलेली काचेची नळी प्रत्येक बॅटरीत बुडवून ॲसिड वर ओढायचं. आतली कांडी किती तरंगते त्यावरून बॅटरीत जीव किती आहे ते कळायचं. मग व्होल्टमीटर. मग एक दांडीचं खोकं तारेला जोडून दांडी गरगरा फिरवायची. तारेतून वीज कुठे झिरपत असेल तर त्याचा काटा खाली पडायचा. चिखलीकडची तार, साखरखेर्ड्याकडची तार, जालन्याकडची, सगळ्यांची अशी नाडी बघून झाली की बुलढाण्याला फोन लावायचा. तिकडे जिल्ह्यातल्या सगळ्या लहान एक्स्चेंजांची खबर घेणारा एक माणूस कानाला रिसीव्हर लावून बसलेला असायचा.

ते वामनराव.

बाबांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. वर्षानुवर्षं नुसता आवाज. जाड, सावकाश, थोडा नाकातला. "हां, देऊळगाव राजा. रीडिंग सांगा." बाबा आकडे सांगायचे, ते तिकडून परत म्हणायचे, चूक होऊ नये म्हणून. मग एक क्षण दोघं गप्प. त्या गप्प क्षणात वामनराव तार ऐकायचे. त्यांचा कान असा होता की नुसत्या खरखरीवरून सांगत, "रंगराव, कुठं तरी ओली फांदी टेकून राह्यली तारेले. मेहकर फाट्याच्या अलीकडं पाहा." आणि लाइनमन कचरू सायकल मारत जायचा, तर खरंच फांदी.

हळूहळू आकड्यांच्या शेवटी दुसरंही काही यायला लागलं. मळ्यात मिरचीवर रोग पडला. वामनरावांच्या मुलीचं बाळंतपण झालं. बुलढाण्याला थंडी फार, देऊळगावला नाही. दोन-चार वाक्यं, त्याहून जास्त नाही. लाइन सरकारी होती. पण मी जन्मले ते मायच्या माहेरी कळायच्या आधी बुलढाण्याला कळलं होतं, असं माय पुढे कित्येक वर्षं टोमण्यात सांगायची.

आणि एका हिवाळ्यात तक्रार सुरू झाली.

"रंगराव, लाइन बसली तुमची. आवाज बारीक येऊन राह्यला."

बाबांनी दांडी फिरवली. काटा जागच्या जागी. बॅटऱ्या भरलेल्या. तरी ते कचरूला घेऊन निघाले. देऊळगाव महीपर्यंत खांब न् खांब पाहिला. तार ज्यांवर बसते ते चिनी मातीचे कप पुसले, सैल जोड पुन्हा पिळले, तारेला अडकलेली पतंगाची शेपटी काढली. खडकपूर्णेच्या पात्रावर तार जरा झोळली होती, ती ताणून घेतली. दुसऱ्या दिवशी हुरुपाने फोन लावला.

"कशी काय आता?"

"काय म्हनले?"

"लाइन कशी आहे म्हनलं, भाऊ!"

"बसलेलीच आहे. उलट जास्त बसली."

असं पुष्कळ दिवस चाललं. चिखलीच्या माणसांनी त्यांच्या बाजूची तार तपासली. त्यांनाही काही सापडलं नाही. मग आणखी चार गावांना तीच तक्रार गेली आणि तिथली माणसंही खांब पाहत फिरू लागली. वामनरावांचा स्वर चिडका होत गेला. आकडे दोनदा, तीनदा विचारू लागले. मळ्याची, थंडीची चौकशी बंद झाली. आणि एका सकाळी ते बोलून गेले, "रंगराव, तुमी रीडिंग घेता का घरी बसल्या बसल्या सांगता? आकडे चांगले अन् लाइन मेलेली, असं कसं होईन?"

बाबा त्या दिवशी घरी आले ते ओट्यावरच बसून राहिले. मायने भाकर वाढली तर नको म्हणाले. तिने खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "त्यानं मले खोटारडा म्हनलं."

"कोनं?"

"वामनरावनं."

माय म्हणाली, "मंग इथं बसून काऊन राह्यले? जा ना बुलढान्याले. एकडाव तोंड पाहून या त्याचं. जन्मभर नुसतंच बोलता."

बाबांनी कचरूला एक्स्चेंजवर बसवलं, रजा घेतली आणि एस.टी.त बसले. सोबत मायने पिशवीत वांगी आणि सांबाराच्या जुड्या दिल्या होत्या. भांडायला निघालेल्या माणसाच्या हातात भाजीची पिशवी कशाला, असं बाबांनी विचारलं, तर ती म्हणाली, "रिकाम्या हातानं जाते का कोनी?"

बुलढाण्याच्या एक्स्चेंजमध्ये बाबा शिरले आणि त्यांना आधी तो आवाज ऐकू आला. लोणारला रीडिंग विचारणं चाललं होतं. बाबा पुढे मला नेहमी सांगायचे, "मले वाटलं होतं, मानूस पहिलवान असन." खुर्चीत एक किरकोळ, पांढऱ्या मिशांचा माणूस होता. रिसीव्हर कानात घुसेल इतका दाबून धरलेला. डोळे मिटलेले, मानेच्या शिरा ताठ झालेल्या.

फोन संपला. बाबा मागून म्हणाले, "रामराम, वामनराव."

काही नाही. बाबा पुन्हा म्हणाले. बाजूच्या टेबलावरच्या कारकुनाने वर पाहिलं, वामनरावांनी नाही. शेवटी बाबा समोर जाऊन उभे राहिले आणि आपलं नाव सांगितलं. वामनराव खुर्चीतून उठलेच. राग, आनंद, लाज, सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकदमच आलं. बाबांचे दोन्ही हात धरून ते म्हणाले, "बरं झालं आले. आता तुमीच आयका तुमची लाइन." आणि त्यांनी देऊळगाव राजा जोडून रिसीव्हर बाबांच्या हातात दिला.

बाबांनी कानाला लावला. पलीकडे कचरू होता. तो "हालो" म्हणाला, खोकला, आणि त्याच्या मागे आमच्या एक्स्चेंजच्या कौलांत भांडणाऱ्या चिमण्या ऐकू आल्या. इतक्या स्वच्छ, की बाबांना त्या खोलीचा वासही आला. त्यांनी रिसीव्हर परत दिला.

वामनरावांनी ऐकलं. मान हलवली. "पाहा. आहे का नाई बसलेली?"

बाबांना कळलं. ज्यासाठी सहा गावांची माणसं तारा चाचपत हिंडली होती, तो बिघाड कुठे आहे ते त्यांना कळलं आणि आपण आलोच कशाला असं झालं. कारकून ऐकत होता. बाबा म्हणाले, "चाला, चहा घेऊ."

बाहेर टपरीवर दोघं बाकड्यावर बसले. वामनराव एकटेच बोलत होते. तारा जुन्या झाल्या, जोड गंजले, आता सगळी लाइन नवी टाकायला पाहिजे. बाबांनी त्यांना बोलू दिलं. चहा संपल्यावर ते समोर तोंड करून, शब्द तोडून म्हणाले, "भाऊ, लाइन बरी आहे."

"मंग?"

बाबांना ते तोंडाने म्हणवेना. त्यांनी हात उचलला आणि स्वतःच्या कानाला लावला.

वामनरावांनी त्या हाताकडे पाहिलं. मग उठले आणि वळून न पाहता रस्ता ओलांडून आत निघून गेले. भाजीची पिशवी बाकड्यावरच होती. बाबा ती कारकुनाजवळ ठेवून परतीच्या गाडीला गेले.

पुढचं मला वामनरावांच्या पत्नीने, विमलबाईंनी सांगितलेलं आहे. त्या संध्याकाळी ते पिशवी घेऊन घरी आले, चुलीपुढे बसले आणि म्हणाले, "मले आयकू येत नाई वाटते." विमलबाई वांगी निवडत म्हणाल्या, "मले मागच्या वर्षापासून ठाऊक आहे." "मंग सांगितलं काऊन नाई?" "सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमाले आयकू नाई आलं." हे सांगताना त्या हसायच्या, पण तेव्हा दोघंही हसले नसावेत.

दुसऱ्या सकाळी बाबांना फोन लावायचं धाडस होईना. तेवढ्यात बुलढाण्याहूनच घंटा आली. बाबांनी रिसीव्हर उचलला. मग तोच जाड आवाज आला, "देऊळगाव राजा. रीडिंग सांगा." आणि जरा थांबून, "जोरात."

बाबा ओरडले. त्या दिवसापासून रोज ओरडायचे. गल्लीत सडा टाकणाऱ्या बाया ऐकायच्या की एक्स्चेंजच्या बॅटऱ्या भरलेल्या आहेत आणि साखरखेर्ड्याची तार कोरडी आहे. समोरचा दुकानदार शटर उघडता उघडता ओरडायचा, "काऊन हो रंगराव, आज जालन्याची सांगितली नाई?" बाबांनी कारण कुणालाही सांगितलं नाही. कचरूलाही नाही. तो बिचारा तारांवर फिरतच होता.

पण हे किती दिवस चालणार? एका पावसाळ्यात सुलतानपूरच्या बाजूने तार तुटल्याची खबर आली. वामनरावांना दुसरंच गाव ऐकू आलं आणि माणसं भलत्याच रस्त्याला गेली. दिवसभर एक गाव मुकं राहिलं. कुणाचं फार काही बिघडलं नाही, कुणी त्यांना बोललंही नाही. ते मात्र त्याच संध्याकाळी साहेबांपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, माझा कान गेला, मला त्या खुर्चीवरून उठवा.

साहेब भला निघाला. त्यांना घरी न पाठवता त्याने बॅटरीच्या खोलीत दिलं. तिथे डोळे लागत होते, आणि ते वामनरावांचे शेवटपर्यंत लखलखीत होते. खुर्चीवर माणिकराव नावाचा नवा मुलगा आला. हुशार, चटपटीत. आकडे घ्यायचा, थँक्यू म्हणायचा, ठेवून द्यायचा. बाबा म्हणायचे, "काम चांगलं आहे त्याचं." आणि मग कितीतरी वेळ रिकाम्या रिसीव्हरकडे पाहत बसायचे. माय सांगते, त्या वर्षी त्यांना जोरात बोलायची सवय इतकी लागली होती की घरातही ते मीठ मागायचे तर शेजारून विचारणा व्हायची.

आश्विनात बालाजीच्या यात्रेला वामनराव आणि विमलबाई आमच्याकडे उतरले. ते पहिलं येणं. मग दर वर्षीचं झालं. दोघं पुरुष ओट्यावर बसायचे. बाबा त्यांच्या उजव्या बाजूला, कारण त्या कानात थोडी धुगधुगी उरली होती. मी बाबांना एवढं खुशीत इतर कुणाबरोबर पाहिलं नाही. कधी कधी दोघंही काहीच बोलत नसत. रस्त्यावरून बैलगाड्या जायच्या, समोरच्या घरी कुणी तरी जातं ओढायचं, आणि बाबा मध्येच त्यांच्या कानाशी वाकून सांगायचे, "पोपट गेले वरून. लई होते." वामनराव वर पाहायचे आणि मान डोलवायचे.

माझ्या लग्नात मांडवाच्या खांबाला कर्णा बांधला होता आणि त्याच्या अगदी तोंडाशी असलेली जागा सगळे पाहुणे चुकवत होते. वामनराव जाऊन नेमके तिथेच बसले, मुंडावळ्या बांधलेल्या माझ्याकडे पाहून हसले आणि अक्षता पडेपर्यंत हलले नाहीत. सासरच्या मंडळींना वाटलं, किती शांत वृत्तीचे गृहस्थ आहेत.

पुढे आमच्या गावी आपोआप चालणारं एक्स्चेंज आलं. दोऱ्या गेल्या, बोर्ड गेला, सकाळचा फोनही गेला. बाबा निवृत्त झाले आणि मळ्यात परत आले, जिथून ते पळाले होते. वामनराव त्याच्या आधीच गेले होते, झोपेत. निरोप माणिकरावने दिला, स्वतः, फोनवर. बाबांनी ऐकून घेतलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्याशी आकड्यांशिवाय काही बोलले. घरी कोण कोण असतं ते विचारलं. माणिकराव म्हणाला, आई असते, तिला दमा आहे, बुलढाण्याच्या थंडीचा फार त्रास होतो.

"इकडं पाठोन दे तिले थंडीभर," बाबा म्हणाले. "इकडं ऊन आहे."

आणि त्या हिवाळ्यात ती माऊली खरंच आली. मळ्यात बाज टाकून दिली होती, तिच्यावर उन्हात बसून ती मायला मेथी निवडू लागायची.