निघोज्याच्या मंडपातलं शिलाई मशीन

घरातून निघताना सुमीने ‘कधी येणार’ असं विचारलं नाही. ‘काम मिळेल ना गं आई?’ एवढंच विचारलं. सुमी माझी थोरली, सातवीत आहे. दिवाळी झाली की आम्ही नवरा-बायको कोयत्याला (ऊसतोडीला) जातो. आजवर मुलं सासूबाईंजवळ राहायची. आता सासूबाई नाहीत. या वर्षी गेलो तर सुमीला शाळा सोडून बरोबर यावं लागणार, उसाच्या फडावर धाकट्याला सांभाळायला. चाकणकडे मला काम मिळालं असतं तर आम्ही सगळेच तिकडे राहायला जाणार होतो. माझी बहीण, आक्का, चाकणजवळ निघोज्याला असते. तिनेच निरोप पाठवला होता, ‘ये. ठेकेदार बापूशेठ कामाला लावतो म्हणालाय.’

उदगीरकडची एस्टी सकाळी भोसरीला पोचली. एवढी माणसं एकाच वेळी जागी असलेली मी जत्रेतही पाहिली नव्हती. प्रत्येकाच्या खांद्याला डब्याची पिशवी, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. चाकणची गाडी कुठे लागते हे विचारायला मला धीर होईना. तेवढ्यात एक पांढरी बस थांबली. सगळे चढले म्हणून मीही चढले. कुणी तिकीट मागितलं नाही. बायकांना अर्धं तिकीट झालंच आहे, आता पूर्ण माफ झालं असेल असं मला वाटलं.

बस थेट एका कंपनीच्या आवारात जाऊन थांबली. सगळे उतरून आत गेले. मी एकटी उरले. फाटकावरच्या वॉचमनने विचारलं, ‘मावशी, पास?’

‘नाही.’

‘मग आत कशा आलात?’

‘बसने.’

‘पास नसला तर आत येता येत नाही.’

‘मग बाहेर जाते.’

‘बाहेर जायला पण पास लागतो.’

मी भिंतीला टेकून उभी राहिले. आमच्या गावची पोरं अशा फाटकातून आत जायला वर्षभर हेलपाटे घालतात, आणि मला बाहेर पडता येत नव्हतं. शेवटी तोच कंटाळला. ‘तुम्ही आत आलाच नव्हतात, कळलं का?’ म्हणाला आणि फाटक उघडलं. पुढे शेअर रिक्षाने निघोजे गाठलं.

आक्काची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. चाळ भामाबाईंची. त्यांची जमीन एमआयडीसीत गेली आणि त्यातून ही चाळ उभी राहिली. संध्याकाळी त्या आमच्यासाठी मासवडी घेऊन आल्या. नावात मास असलं तरी ती बेसनाची असते, आत तीळ-खोबरं, वर झणझणीत रस्सा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि भामाबाई खूश झाल्या.

जेवताना दाजी आणि भामाबाईंचं जुंपलं. दाजी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर असतात, बापूशेठच्याच ठेक्यात.

दाजी म्हणाले, ‘सरकारनं फुकट वाटणं बंद करावं. काम द्यावं. फुकटानं घेणारा आळशी होतो आणि वाटणारा चोर.’

‘आन् काम देणारा साव व्हय?’ भामाबाई म्हणाल्या. ‘तुझ्या पगारातलं बापू खातो, ते काय उपासाचं?’

‘ठेकेदार आहे तो, मावशी. खाणारच.’

‘मंग! मदतीतलंबी त्योच खातो. खाणारा एकच हाय. निदान मदत घ्यायला शिफ्टला तरी जावं लागत न्हाई.’

आक्का म्हणाली, ‘उद्या काय ते बघा मंडपात. आधी जेवा.’

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या मैदानात मेळावा होता. सकाळी रोजगार मेळावा, दुपारी त्याच मंडपात गरजू महिलांना शिलाई मशीनचं वाटप. दोन्हीकडे खुर्च्या भरायचं काम बापूशेठकडे. आक्काने त्यासाठी कंपनीत सुट्टी टाकली होती. बेरोजगार म्हणून बसायला कामावरून सुट्टी! मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, ‘शेठनं सांगितल्यावर सुट्टी मिळते. आजारी पडल्यावर मिळत नाही.’ भामाबाईही जरीच्या काठाची साडी नेसून गरजूंत येऊन बसल्या. म्हणाल्या, ‘जेवान चांगलं असतं.’

बापूशेठ म्हणजे पांढरे कपडे, हातात दोन फोन. मला म्हणाले, ‘मावशी, गप बसायचं. कंपनीच्या कॅन्टीनला तुम्हाला लावलंच म्हणून समजा.’

सकाळी आम्हाला निळ्या ओढण्या दिल्या. त्या बेरोजगारांच्या. समोर कंपन्यांची टेबलं होती. एका टेबलावर धीर करून विचारलं. तिथला मुलगा म्हणाला, ‘आज फक्त माहिती, ताई. भरती गेटवर. गेटवर बापूशेठना भेटा.’ दुसऱ्या टेबलावरही तेच. माझ्यासारख्या खऱ्या बेरोजगार फार तर चार-पाच असतील. बाकीच्या घड्याळाकडे बघत होत्या, कारण काहींची सेकंड शिफ्ट होती.

जेवण झाल्यावर निळ्या ओढण्या परत घेतल्या आणि गुलाबी दिल्या. आता आम्ही लाभार्थी. स्टेजवर पाहुणे आले, समई लागली. मशीन एकच होतं, हाताने फिरवायचं. बापूशेठचा माणूस समजावत होता, ‘समोरून चढायचं, मशीन घ्यायचं, फोटो, मागच्या पायऱ्यांनी उतरायचं. मागं मशीन आमच्याकडं द्यायचं. की पुढची बाई.’

मी कडेला बसले होते म्हणून पहिला नंबर माझाच आला.

वर गेले तर सगळा मंडप माझ्याकडे बघतोय. पाहुण्यांनी मशीन माझ्या हातात दिलं. जड होतं, म्हणून मी ते समईशेजारच्या टेबलावर टेकवलं. तिथे हळदीकुंकवाचं ताट होतं. हातांचं काय करावं कळत नव्हतं. घरात नवीन वस्तू आली की करतो तेच मग हातांनी केलं. मशीनला हळदकुंकू लावलं, ताटातला नारळ त्याच्यापुढे ठेवला आणि वाकून नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मागच्या पायऱ्यांवर मशीन काढून घेतलं आणि पुढून पुन्हा वर नेलं. पुढची बाई आक्काच्या शेजारची, शोभा. तिने मशीनकडे पाहिलं आणि हात मागे घेतले.

‘पुजलंय ते. तिचं झालं.’

‘घ्या हो ताई, फोटोपुरतं,’ बापूशेठ खालून म्हणाले.

‘फोटोपुरतं कसं? दुसरीची लक्ष्मी मी घरी नेऊ?’

तिसरी बाई चढलीच नाही. चौथीने तर पदर डोक्यावरून घेऊन तोंड फिरवलं. भामाबाई उठून उभ्या राहिल्या. ‘एकीच्या वटीतलं (ओटीतलं) काढून दुसरीच्या वटीत घालतो व्हय रं बापू? तुझ्या आईनं हेच शिकिवलं?’

बापूशेठ धावत स्टेजवर गेले. ‘अहो, मशीन एकच हाय! तेबी टेलरकडून भाड्यानं आणलंय!’

माईक त्यांच्या अगदी पुढ्यात होता.

मग पाहुणे हसले आणि माईक ओढून घेऊन म्हणाले, ‘शेठ गंमत करतात. मशीन ताईंना कायमचं दिलंय. बाकीच्या भगिनींना घरपोच मिळतील.’

कार्यक्रम आवरला. ओढण्या गोळा झाल्या. बापूशेठ माझ्याकडे आले. आवाज एकदम मऊ होता. ‘मावशी, मशीन गुपचूप द्या. सोमवारपासून कॅन्टीनला या. नाहीतर मग कॅन्टीन विसरा. तुम्ही आता मशीनवाल्या, तुम्हाला नोकरीची काय गरज?’

आक्का कानात म्हणाली, ‘दे गं. महिन्याचा पगार आहे.’

भामाबाई म्हणाल्या, ‘काम देनारा त्योच, काढनाराबी त्योच. मशीन कोन काढील?’

खुर्च्या उचलायला आलेल्या दाजींकडे पाहिलं. ते कामाच्या बाजूचे, पण बापूशेठ समोर होते. ते आभाळाकडे बघू लागले.

मला कुणाला नाही म्हणता येत नाही. होही म्हणता येत नाही. सुमीला काय सांगू, हेच डोक्यात फिरत होतं. मी मशीनवर हात ठेवून नुसती उभी राहिले. बापूशेठ वाट बघून थकले. दोन्ही फोन वाजायला लागले, तसे ते बोलत बोलत निघून गेले. नोकरीला मी नाही म्हटलं ते असं.

परतीच्या एस्टीत कंडक्टर म्हणाला, ‘बाई, तुमचं अर्धं तिकीट. मशीनचं पूर्ण.’

मशीन मांडीवर घेऊन मी विचार करत राहिले. दाजी म्हणतात काम द्या, भामाबाई म्हणतात मदत द्या. त्या मंडपात दोन्ही वाटली गेली, आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही परत गोळा केली गेली. खरं मिळालं ते एकच, आणि तेही माझ्या हातून चुकून झालं म्हणून. चुकीवर किती बायकांनी जगायचं?

घरी मालकांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ मशीनचं चाक फिरवत बसले आणि म्हणाले, ‘मी हमालीचं बघतो. औंदा कोयता नको.’ आता माहेरी शिकलेलं शिवण आठवून आठवून करते आहे.

पहिलं काम आणलं ते शेजारच्या कमळने. ती पुढच्या आठवड्यात कोयत्याला निघणार होती. तिच्या लेकीचा, मंगलचा, शाळेचा गणवेश घेऊन आली. म्हणाली, ‘हे उसव, धाकट्याच्या दोन चड्ड्या निघतील. मंगल येणार आमच्याबरोबर फडावर, आता कुठे शाळेत जाते?’

कात्री माझ्या हातात होती. मी गणवेश उलटा केला. खाली भरपूर दुमडलेलं कापड होतं.

‘शिवण सोडून लांब करून देते,’ मी म्हटलं. ‘मंगलला माझ्याकडे ठेव. सुमीबरोबर जाईल.’

कमळने गणवेशाची दुमड बोटांनी चाचपली. ‘आणि दोन पोरींना खायला काय घालशील?’

‘ते अजून ठरलं नाही,’ मी म्हटलं, आणि चाक फिरवलं.